बसक्या तुऱ्याचा वाटा

मोहनराव पाटलाने पाशा मुलाण्याच्या गळ्यात मेलेली कोंबडी बांधून त्याला वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत चालवलं, तेव्हा पाशाची बायको अकबरी आपल्या दारात उभी होती. कोंबडी पाशाच्याच घरची होती. पाटलाने उचलून नेलेली ती परत आणायला तो भर दुपारी, सगळ्यांच्या देखत गढीत गेला होता, आणि गढीच्या आवारात सापडला म्हणून चोर ठरला. कोंबडीची मान मोडलेली होती. पाशाच्या प्रत्येक पावलाबरोबर तिचं डोकं त्याच्या छातीवर आपटत होतं. पाटलाचा गडी आश्रुबा पुढे चालत रिकामा डबा बडवीत होता. गाव हसलं. काहींना खरंच हसू आलं, बाकीचे पाटील हसत होता म्हणून हसले.

अकबरीने त्या वेळी एकेक तोंड नीट पाहून घेतलं. शेवटी तिने बाकीची सगळी सोडून दिली आणि एकच तोंड लक्षात ठेवलं.

त्या दिवसापासून पाशाने उंबरा ओलांडला नाही. गावात बोकड किंवा कोंबडं कापायचं ते मुलाण्यानेच. मराठ्यांच्या घरांत दुसऱ्याच्या हातचं चालत नसे. ते काम आता मांजरसुंब्याहून त्याचा चुलतभाऊ येऊन करून जाई. पाशा आतल्या खोलीत बसून सुरीला धार लावी. सुरी वापरात नव्हती, तरी लावी.

गाव चौसाळ्यापासून कोसभर आत होतं. निजामाचं राज्य होतं, पण निजाम हैदराबादेत होता आणि जिल्हा पाहणारे तालुकदार साहेब बीडला. गावात मोहनराव होता.

सगळं सुरू झालं ते एका कोंबड्यामुळे. अकबरीचा भाऊ मुनव्वर सिकंदराबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचा बावर्ची होता. विलायतेला परत जाताना साहेबाने त्याला आपल्या शौकाच्या पाखरांतली एक जोडी दिली. कुठल्याशा समुद्रापारच्या देशातून आलेली ही जात आकाशी रंगाची अंडी घालते, असं साहेब सांगत असे. मुनव्वरने ती जोडी बहिणीकडे आणली. कोंबडी वाटेतच मेली. कोंबडा जगला. त्याच्या गालांवर दाढीसारखी पिसं होती, आणि तुरा उभा नव्हताच. डोक्यावर वाटाण्याएवढ्या गाठींच्या तीन ओळी दाबून बसवल्यासारख्या दिसत. शेजारणी म्हणाल्या, याचा तुरा कुणीतरी चेचलाय. पाशाने त्याचं नाव नवाब ठेवलं.

आकाशी अंडी घालणारी मेली, आता कोंबड्याचा काय उपयोग, असं सगळेच म्हणाले. अकबरीने त्याला आपल्या गावठी कोंबड्यांत सोडलं. पुढच्या वर्षी त्याच्या लेकी अंड्यावर आल्या, आणि त्यांनी मुगासारखी हिरवी अंडी घातली. पहिलं अंडं हातात आलं तेव्हा तिने ते ओल्या फडक्याने घासून पाहिलं. रंग गेला नाही. मग फोडून पाहिलं. कवच आतूनही हिरवं होतं.

"आई गावठी, आज्जी गावठी," ती पाशाला म्हणाली. "मंग हिरवं आलं कुठून? बापाकडून."

"कोंबडा कुठं अंडी घालतो का?" पाशा हसला होता. तेव्हा तो हसत असे.

"घालत न्हाई. पर देतो."

नवाबाच्या सगळ्या लेकींचे तुरे बापासारखेच बसके होते. त्यांतली एक शेजाऱ्याच्या कोंबड्याबरोबर फिरत असे. तिच्या अंड्यांतून निघालेल्या पिलांत मात्र दोन तऱ्हा दिसल्या. निम्म्यांचा तुरा बसका, निम्म्यांचा उभा, दातेरी, लालभडक. अकबरीने त्यांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या आणि कोण काय घालतं ते पाहत राहिली. बसक्या तुऱ्यावाल्यांनी हिरवी अंडी घातली, उभ्या तुऱ्यावाल्यांनी चारचौघींसारखी मातकट. एकीचाच अपवाद झाला. तुरा चांगला उभा, आणि अंडं हिरवं. अकबरीने तिला वेगळं कोंडून खात्री करून घेतली. म्हणजे तुरा आणि रंग जोडीने चालतात, पण क्वचित सुटतात, एवढं तिला कळलं. का, ते कळलं नाही. हे तिने पाशाशिवाय कुणाला सांगितलंही नाही; सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

हिरव्या अंड्यांची बातमी गढीवर गेली. मोहनरावाचा आणि त्याच्या थोरल्या घरातल्या भावाचा, गहिनीनाथाचा, पाटीलकीवरून जुना वाद होता. निकाल तालुकदार साहेबांच्या हातात होता. ईदेला साहेबांच्या बंगल्यावर सगळ्या गावांच्या भेटीच्या डाल्या जात: मोसंबी, तूप, कोकरं. मोहनरावाने त्यात हिरव्या अंड्यांची करंडी पाठवायचं ठरवलं. पाशा म्हणाला, अंडी हवी तेवढी देतो, पाखरं ठेवा. पाटलाने पाखरंच नेली. हिरवी अंडी घालणारी एकूण एक कोंबडी नेली आणि नवाबही नेला. नवाबाचं त्याच आठवड्यात गढीवर कालवण झालं. पाव्हणे आले होते, आणि पाटलाच्या मते अंडी कोंबडी घालते, कोंबड्याचं त्यात काही काम नव्हतं.

पाशा गेला तो त्यांतली एक तरी परत आणायला.

*

डालीचं मात्र चांगलं झालं. बेगमसाहेबांना हिरवी अंडी इतकी आवडली की त्यांनी पाखरंच मागितली. मोहनरावाने कबूल केलं. आणि त्याच उन्हाळ्यात गढीवरच्या कोंबड्यांत मर लागली. पाखरं माना टाकून, हिरवट हगून पटापट मेली. दोनच उरल्या. त्या खुडूक होऊन बसल्या तरी गढीवर कुणाला अंड्यांची रवण घालून पिलं काढता येईनात.

पाटलाची बायको छबुबाई मागच्या दाराने अकबरीकडे आली. बरोबर आश्रुबा, त्याच्या डोक्यावर डालगं.

"अकबरी, तूच राख बाई ह्या," छबुबाई म्हणाली. "अर्धलीनं. रीतीपरमानं निम्मी पिलं तुझी."

"पाटील हो म्हन्ले?"

"त्यांनीच धाडलंय. तोंडानं म्हननार न्हाईत. माणूस कसाय ते तुला म्या काय सांगू?"

"मला ठावं हाय, पाटलीणबाई, माणूस कसाय ते."

छबुबाईने मान खाली घातली. आश्रुबाने डालगं उतरवलं आणि आतल्या दाराकडे पाहून हळूच विचारलं, "पाशाभाई बरं हायेत ना, भाभी?"

"डबा आनला न्हाईस व्हय आज?" अकबरी म्हणाली.

आश्रुबा मागे सरला. अकबरीने डालग्यात हात घालून दोन्ही कोंबड्या चाचपल्या. दोघीही नवाबाच्या लेकी होत्या. दोघींचे तुरे बसके.

ते गेल्यावर पाशा आतून म्हणाला, "त्याच्या कोंबड्या राखतीस? लाज कशी वाटना तुला?"

"माझ्या कोंबड्या घरी आल्यात. नाव तेवढं त्याचं हाय."

"आन् तू त्याला निम्मी पिलं देनार."

"देनार. रीतच हाय."

"लई शहाणी झालीस बघ."

"सुरीला धार लाव तू," अकबरी म्हणाली. "कामाला येईल."

पाशाने तिच्याकडे पाहिलं. मग तो परत दगडावर सुरी घासू लागला. त्या आवाजात मात्र काहीतरी बदललं होतं. सुरी आता सावकाश फिरत होती, ऐकता ऐकता घासल्यासारखी.

*

अर्धलीची रीत साधी होती. जनावर मालकाचं, राबणूक राखणाऱ्याची. पिलं हाताशी आली की राखणाऱ्याने सारखे दोन वाटे करायचे, आणि मालकाने त्यांतला हवा तो आधी उचलायचा. वाटे करणारा लबाडी करील तर त्याचीच फसगत, म्हणून ही रीत. बकऱ्यांनाही तीच, कोंबड्यांनाही तीच. वाटा चार माणसांसमोर उचलला की पुन्हा तक्रार नाही.

अकबरीने दोन्ही कोंबड्या शेजाऱ्याच्या कोंबड्याजवळ सोडल्या. अंडी जमवली, उन्हाकडे धरून एकेक पाहिली, आणि आपल्या गावठी खुडूक कोंबड्यांखाली बसवली. अख्खा पावसाळा ती पिलांच्या मागे होती. घार, मुंगूस, ओल. पिलांना ज्वारीची कणी आणि वाळवी घातली, खुराड्यात चुलीची राख पसरली, गढीकडचं एकही पाखरू किंवा एकही डालगं अंगणात येऊ दिलं नाही. मर पुन्हा आली नाही. थंडीच्या सुरुवातीला पिलांच्या भरलेल्या तलंगा झाल्या. अंड्यावर अजून आल्या नव्हत्या, पण तुरे स्पष्ट दिसत होते. साधारण निम्म्या बसक्या, निम्म्या उभ्या, तिच्या अंदाजाप्रमाणेच.

तिने वाटे केले. एका डालग्यात सगळ्या उभ्या तुऱ्याच्या, दुसऱ्यात सगळ्या बसक्या. कोंबडेही तसेच, तुरा पाहून वाटले. दोन्हीकडे पाखरं सारखी, वजनं सारखी. उभ्या तुऱ्यावाल्या बसक्यांपेक्षा देखण्या होत्या, पण ते तिने केलेलं नव्हतं.

वाटे मारुतीच्या पाराजवळ ठेवले. तेच ठिकाण, जिथे पाशाला आणून थांबवलं होतं. मोहनराव आला. वाटा पाहायला साक्षीदार म्हणून गहिनीनाथही आला, कारण गंमत पाहायची संधी तो सोडत नसे. तीन म्हातारे पारावर बसले होते.

आश्रुबाने डालगी उघडली. मोहनरावाने आधी एका वाट्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"ह्यांचे तुरे असे कावून गं? चेपल्यावानी?" पाखरं गढीवर असताना तो त्यांच्याजवळ कधी फिरकला नव्हता; ते काम बायकांचं आणि गड्यांचं.

"जातच तशी हाय, मालक."

"दोन्हीच्या आया त्याच?"

"त्याच. तुमच्या दोन कोंबड्यांच्याच हाईत सगळ्या. शपथ घेऊन सांगते."

ते खरंच होतं. मोहनराव मिशीवरून हात फिरवत राहिला. तो भोळा नव्हता. ज्या माणसाच्या गळ्यात आपण कोंबडी बांधली त्याची बायको इतक्या गुमान वाटे करून देते, हे त्याच्या मनात टोचत असणारच. अकबरीला त्याचं टोचणं दिसत होतं. तिने त्याची वाट पाहिली होती.

"तुला कोनता पायजे?" त्याने एकदम विचारलं.

"तुमचा मान पयला, मालक."

"म्या विचारतोय. सांग."

अकबरीने पदर सावरला. उभ्या तुऱ्यांच्या वाट्याकडे तिने एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "दिला तर ह्यो द्यावा," ती हळू म्हणाली. "दिसाया बऱ्या हाईत."

मागितलेली गोष्ट मोहनरावाने जन्मात कुणाला दिली नव्हती. गावाला ते ठाऊक होतं, आणि अकबरीला सगळ्यांत जास्त.

"दिसाया बऱ्या!" तो मोठ्याने हसला. "मुलाण्याच्या घरी तुरेवाल्या, आन् तालुकदाराला चेपलेल्या धाडू व्हय? आश्रुबा, उचल हे डालगं. ते चेपलेलं ऱ्हाऊ दे हिला. घरच्या धन्याला शोभतंय."

पारावरचे दोघे हसले. गहिनीनाथ म्हणाला, "पाटील, निवड झाली बरं का. आमी चौघं साक्षीला हाव. उद्या मागं घ्यायची न्हाई."

"मागं घेतो कशाला बे?" मोहनराव म्हणाला.

अकबरीने दुसरं डालगं उचललं. घरी येईपर्यंत ती झपाझप चालली. रागाने, असं तिला वाटलं. नंतर तिला कळलं की ती भीती होती. एखादी उभ्या तुऱ्याची हिरवं अंडं घालू शकत होती. तसं एकदा घडलेलं तिने स्वतःच पाहिलं होतं. साहेबांच्या बंगल्यावर एक जरी हिरवं अंडं निघालं असतं, तरी मोहनरावाची लाज राहिली असती. ती कोणती असेल, असेल का, हे पाखराकडे पाहून ओळखायचा कोणताही उपाय नव्हता.

*

मोहनरावाने पाखरं बंगल्यावर पोहोचवली. अकबरीच्या अंगणातल्या तलंगा अंड्यावर आल्या तशी ती रोज सकाळी खुराड्यात हात घाली. हिरवं. पुन्हा हिरवं. आणि प्रत्येक अंड्याबरोबर तिच्या मनात बंगल्यावरची कोंबडी येई. तिच्या बहिणी तिथेही आता अंड्यावर आल्या असणार.

बातमी आश्रुबाने आणली. तो अंगणात आला, उकिडवा बसला, आणि न विचारताच बोलू लागला. त्या डब्यानंतर तो अकबरीशी नेहमी असाच, फेड करायला आल्यासारखा बोले.

"भाभी, काय सांगू तुमाला. बेगमसाहेबांनी बायका बोलावल्या व्हत्या, चार मोठ्या घरच्या. चांदीच्या ताटात अंडी आणाया सांगितली. नोकर ताट घेऊन आला. ताटात आपली बाजारातली मातकट अंडी! एक बाई म्हन्ली, हा हिरवा रंग आमाला कावून दिसंना? डोळ्याचं औषध घ्यावं लागंल म्हने." तो फिदीफिदी हसला आणि एकदम थांबला. "पाखरं म्या पोचवली व्हती, म्हनून मला बोलावलं. पाटलाला बोलावलं. पाटील म्हन्ले, राखनारनीनं फसवलं. साहेब म्हन्ले, वाटा कुनी निवडला? आता पाटील काय बोलनार? गहिनीनाथराव तितंच व्हते, दुसऱ्या कामाला गेलते. त्यांनी सांगितलं समदं. तुरा बघून निवडला म्हनून."

"मंग?"

"साहेब हसले. लई हसले. दिवाणखान्यातली समदी हसली. पाटील मधे उभा, आन् भोवती समदी हसत्यात." आश्रुबा मातीवर बोटाने रेघ ओढू लागला. "मला तवा पाशाभाई आठवले, भाभी."

आतल्या खोलीत सुरी घासायचा आवाज थांबला होता.

पाटीलकीचा निकाल पुढच्या महिन्यात लागला. दोन्ही बाजूंचे कागद सारखेच जुने आणि सारखेच फाटके होते. पाटीलकी गहिनीनाथाच्या घरात गेली. पाखरं बंगल्यावरून परत आली. मांजरसुंब्यापासून पुढे गाडी मिळाली नाही. आश्रुबाने एक डालगं घेतलं आणि दुसरं मोहनरावाला स्वतः डोक्यावर घ्यावं लागलं. वेशीतून तो आला तेव्हा डालग्यातल्या कोंबड्या ओरडत होत्या. कुणी डबा वाजवला नाही. त्याची गरज नव्हती.

तो थेट अकबरीच्या अंगणात आला. बसक्या तुऱ्याची एक कोंबडी टोपल्यात बसलेली होती. त्याने तिला उचलून बाजूला केलं. खाली दोन हिरवी अंडी होती.

"तुला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"व्हय."

"बदलून दे. अजून वरच्या कचेरीत दाद मागता येती. एक करंडी नेली तरी बास. बदलून दे, अकबरी."

त्याने तिचं नाव घेतलं तसं यापूर्वी कधी घेतलं नव्हतं. छबुबाई असती तर कदाचित तिला दया आली असती. अकबरीने आपल्या मनात दया शोधून पाहिली. सापडली नाही.

"वाटे म्या केले, निवड तुमची. चौघं साक्षीला हाईत. पंचांपुढं जावा, सांगा की मला माझी कोंबडी वळखता आली न्हाई."

"तू तुरेवाल्या मागितल्यास!"

"मागितल्या. तुमी दिल्या असत्या तर आज तुमी पाटील असता."

मोहनरावाने हात उगारला. पण आता तो नुसता मोहनराव होता. शेजारणी भिंतीवरून पाहत होत्या, आणि आतल्या खोलीच्या दारात पाशा येऊन उभा राहिला होता. हात खाली आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा पुन्हा आला. "मालक लई पेटल्यात, भाभी. त्या समद्या कोंबड्या कापा म्हन्त्यात, आजच्या आज. एक डोळ्यापुढं नको. तुमच्या दिराला निरोप धाडायचा का?"

"कशाला?" पाशा आतून म्हणाला. "मीच येतो."

त्याने धुतलेला सदरा घातला. सुरी फडक्यात गुंडाळली. मग उंबऱ्यापाशी थांबला. अकबरीला वाटलं, आता परत फिरेल. तो ओलांडून बाहेर गेला. ती मागून चालली. पाशा मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघाला: वेशीकडून, पारावरून, ज्या रस्त्याने त्याला चालवलं होतं त्याच रस्त्याने, फक्त गळा मोकळा. "सलाम, मुलाणी," पारावरचा एक म्हातारा म्हणाला. पाशाने मान हलवली आणि थांबला नाही.

गढीच्या मागच्या आवारात मोहनराव बाजेवर बसला होता. पाशाने त्याच्याकडे पाहिलं नाही. आश्रुबा एकेक कोंबडी देत गेला. पाशा अल्लाचं नाव घेऊन एकाच ओढीत कापत गेला. महिनोन् महिने लावलेली धार होती, पाखरांना फार कळलंही नसेल. मग त्याने सोलून एकेक पोट फाडायला घेतलं, तेही मुलाण्याचंच काम. पोटांत अंडी होतीच: पिवळ्या बलकांचे घोस, मऊ सालीची, आणि काही पूर्ण झालेली, मातकट.

एका कोंबडीपाशी त्याचा हात थांबला. तिची मानही बाकीच्यांसारखीच, उभ्या, दातेरी, लालभडक तुऱ्याची, ढिगात पडली होती. बंगल्यावरच्या इतर सगळ्या अंड्यावर आल्या तेव्हा ही मागे राहिलेली असावी. पोटात बाकीचे बलक लहान होते आणि पूर्ण झालेलं हे पहिलंच. कवच कडक झालं होतं. दुपारपर्यंत तिने घातलं असतं.

पाशाने ते सदऱ्याला पुसलं. अकबरी आवाराच्या दारात उभी होती, तिलाही तिथून रंग दिसला. इतके दिवस तिला ज्या अंड्याची भीती वाटली होती, ते हे.

पाशा उठला. रक्ताळलेल्या हातांनी बाजेपाशी गेला आणि अंडं मोहनरावाच्या तळहातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं.

"ही एक व्हती, मालक," तो म्हणाला. "तुमच्याच वाट्यातली."

मोहनराव अंड्याकडे पाहत राहिला. मग त्याने आवारात पाहिलं, मानांच्या ढिगाकडे. त्यातली ती मान कोणती, हे त्याला ओळखता येईना. तसा प्रयत्न तो करत होता, एकेका तुऱ्यावरून नजर फिरवत होता. सगळेच तुरे उभे होते.

पाशाने सुरी हौदावर धुतली, फडक्यात गुंडाळली, आणि आश्रुबाला म्हणाला, "पुढच्या बारीला भावाला निरोप नको. मला बोलवायचं."

घरी जाताना ते दोघं पुन्हा पारावरूनच गेले. संध्याकाळी पाशाने ओट्यावर बसून जेवण मागितलं. अकबरीने तव्यावर दोन हिरवी अंडी फोडली आणि कवचं चुलीत न टाकता ओट्याखाली, रस्त्याच्या कडेला टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी.